सासूबाईंनी देवाला दिलेली तारीख

तुम्ही हे आडवे पडून वाचत असाल, तर हात भरून आला की पुस्तक खुशाल छातीवर पालथे टाका. मला हे कोणी सांगितले नव्हते. भेटायला येणारे एकेक भक्तिपर पुस्तक ठेवून जात, मी ते तोंडासमोर उभे धरून ठेवी, मनगटे दुखायला लागत आणि मग राग बिचाऱ्या पुस्तकावर निघे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहणार नाही. मी आज चालते. थोडी डावीकडे झुकून, पण कोणाचा हात न धरता. मात्र देवाची उपकारस्तुती मी चालायला लागल्यावर केली नाही. त्याच्या बरीच आधी केली, पाठ फळीला टेकलेली आणि पाय दगड झालेले असताना. आजाऱ्याला भेटायला येणारी माणसे नेमके उलटे बोलतात. आधी बरी हो, मग देवाचे आभार मान, असा त्यांचा हिशेब असतो. त्या हिशेबाने माझ्या नाकात दम आणला होता, म्हणून हे लिहायला बसले.

मी मूळची नगरची. लग्न होऊन तंजावूरला आले. माझे यजमान जयराज टेलिफोन खात्यात होते. त्यांचे घराणे मराठ्यांच्या राज्यात इकडे आलेल्यांपैकी. पणजोबा ख्रिस्ती झाले, पण घरातली भाषा मराठीच राहिली. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत बाकीची मराठी घरे हिंदू, आमचे एकच ख्रिस्ती. सासूबाईंना मी इथल्या रीतीप्रमाणे अत्तै म्हणते. मुलगी निम्मी तेव्हा प्राथमिक शाळेत होती. तिला मराठी सगळे समजे, पण उत्तर तमिळमध्ये येई.

मी मुलींच्या शाळेत कवायत आणि खेळ शिकवायची. गळ्यात शिट्टी आणि पायाला भिंगरी. प्रार्थनेलासुद्धा मी फार वेळ गुडघ्यांवर राहिले नसेन. अत्तै म्हणत, शालूची आमेन देवाच्या आधी पोचते.

*

पाठ दुखत होती, तरी मी ती कवायतीचीच दुखणी समजले. तेल चोळले, गरम पाण्याने शेकले, मुलींना उड्या मारून दाखवल्या. संध्याकाळी बारीक ताप यायचा, तो उन्हाच्या माथी मारला. मग एके दिवशी मैदानात माझी चप्पल पायातून निघून गेली आणि मला कळलेच नाही. मुली हसल्या, मीही हसले. घरी येऊन मात्र मी जयराजना म्हटले, डॉक्टरांकडे जाऊ.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि जयराजशी तमिळमध्ये बोलायला लागले. माझे तमिळ चांगले होते, पण त्या दिवशी ते सगळे कानावरून गेले. एकच शब्द कळला, आणि तो इंग्रजीतला होता. टीबी. मी म्हटले, मला खोकला नाही. डॉक्टर म्हणाले, हा मणक्याचा आहे, खोकल्याशी याचा संबंध नाही, तुमच्यापासून कोणाला लागणार नाही. मज्जारज्जूवर दाब आला आहे म्हणून पाय बधिर होत आहेत. औषधांनी बरे होईल, पण लांबचा रस्ता आहे. आणि मग त्यांनी ते वाक्य उच्चारले, जे मी मरणापेक्षा वाईट समजले. मी सांगेपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही, उठून बसायचेही नाही.

मी विचारले, किती दिवस. ते म्हणाले, महिने विचारा.

बाहेर पडताना मला चाकांच्या खुर्चीतूनही नेले नाही, स्ट्रेचरवर आडवी घातली. येताना मी माझ्या पायांनी जिना चढून आले होते.

*

वॉर्डात सकाळ फार लवकर उजाडायची. आधी झाडूवाली, मग कमरेत टोचायचे इंजेक्शन, मग गोळ्या. त्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते हे कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे पहिल्या दिवशी मी आता संपले असे धरून चालले होते. नर्स हसली. कूस बदलायची तर दोघीजणी मला खांद्याला आणि कमरेला धरून एका दमात वळवायच्या, मध्ये कुठे पिळा पडू द्यायचा नाही. आपल्या अंगावर आपला हुकूम चालत नाही याची लाज मला दुखण्यापेक्षा जास्त होती.

शेजारच्या खाटेवर ओरत्तनाडूची एक शेतकरी बाई होती, तिचा पाय वजने लावून टांगलेला. माझी सारखी चुळबूळ बघून तिने उशीखालून आपला हातआरसा काढला आणि नर्सकरवी माझ्याकडे पाठवला. तो कसा धरायचा तेही तिनेच शिकवले. जरा तिरका केला की छत जाऊन खिडकी दिसायची, खिडकीतून फाटक, फाटकाबाहेर फुले विकणारी, रिक्षा, भांडणे, सगळे. मी तास तास ते बघत राहायची. ती घरी गेली तेव्हा आरसा मलाच देऊन गेली, तुला अजून बराच वेळ लागणार म्हणाली. खरे बोलणारी माणसे त्या वॉर्डात फार नव्हती.

*

घरी आणल्यावर पुढच्या खोलीत फळ्यांची खाट टाकली. जयराज दिवसभर बाहेर असायचे. त्या वर्षांत गावाला टेलिफोनची भूकच लागली होती, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाटीचे बूथ उघडत होते आणि ज्यांचे नाव वर्षानुवर्षे यादीत पडून होते त्यांच्याकडेही तार पोचत होती. आमच्या खिडकीवरून केबल टीव्हीची काळी तार गेली, तिच्यावर कावळे बसायला लागले. सगळे जग कुठेतरी निघाले होते आणि मी छताकडे बघत होते.

शाळेतून कोणी फारसे आले नाही. लागणारा रोग नाही असे डॉक्टरांनी लिहून दिले होते, तरी निम्मीला वर्गात वेगळे बसवले. ती घरी आली ती दप्तर टाकून माझ्या खाटेखाली जाऊन बसली. मी तिला वाकून बघूही शकत नव्हते. आरसा खाली धरून तिचे तोंड बघितले.

नंतर आरसा मी खिडकीच्या गजाला सुतळीने बांधून घेतला, हवा तसा फिरवता यावा असा सैल. त्यात स्वयंपाकघर दिसायचे, चूल, तांदळाचे मडके, आणि फळीवरचा पत्र्याचा डबा.

त्या डब्याबद्दल सांगायला हवे. इथल्या ख्रिस्ती घरांत रीत आहे की भाताला तांदूळ मापले की त्यातून एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकायची. ती देवाची. दर रविवारी डबा चर्चमध्ये नेऊन पोत्यात ओतायचा, तिथून तो तांदूळ गरजूंच्या घरी जातो. मी नगरची, भाकरीवर वाढलेली. नवी नवरी असताना मी ही मूठ काढायला हटकून विसरायची आणि अत्तै काही न बोलता शिजत्या भांड्यातून हात भाजत चार दाणे काढायच्या. तेव्हापासून डबा त्यांच्याकडेच होता.

आता मला रोज दोन वेळा तो आवाज ऐकू यायचा. माप, माप, माप, आणि मग पत्र्यावर सर्रकन मूठ. आणि संध्याकाळी माझ्या उशाशी बसून अत्तै प्रार्थना करायच्या, त्यात आभारांना अंत नसायचा. पंख्याबद्दल, फळीच्या खाटेबद्दल, गोळ्यांबद्दल, आज ताप नाही त्याबद्दल. ताप असला तर तो उतरेल त्याबद्दल. माझे दात शिवशिवायचे. एकदा मी म्हटले, अत्तै, नारिंगी लघवीबद्दल राहिले. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून तीही यादीत घातली. त्यांनी मस्करी ओळखली होती की नाही, हे मला आजही माहीत नाही.

मला आभार मानता येत नव्हते. मी देवाशी रोज बोलायची, पण ते बोलणे भांडणाचे. तू विश्वासू आहेस असे मला लहानपणापासून शिकवले, मग दाखव. अंगठा हलव. नुसता अंगठा. मी आरशात माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसायची.

*

पोंगलच्या आधीची गोष्ट. एका रविवारी अत्तै चर्चमधून आल्या त्या उजळलेल्या तोंडाने. पादत्राणेही न काढता खाटेपाशी आल्या.

"मी सगळ्यांसमोर सांगून आलें," त्या म्हणाल्या. "कापणीच्या सणाला तूं आपल्या पायांनीं जाऊन डबा ओतायचा. पोरुत्तनै केली मी."

पोरुत्तनै म्हणजे मंडळीपुढे उभे राहून देवाला दिलेला शब्द. आपण नवस म्हणत नाही, पण आत तेच असते. सांबाचे, म्हणजे थंडीत कापणीला येणारे, भात घरात आले की कापणीचा सण येतो, लोक चर्चमध्ये ऊस, केळीचे घड, पहिले तांदूळ आणतात. त्या दिवशी माझ्या पायांची साक्ष व्हायची होती आणि सगळ्या मंडळीने त्यावर आमेन म्हटले होते.

मी विचारले, मला न विचारता? त्या म्हणाल्या, देवाला विचारलें कीं.

त्या दिवसापासून भेटायला येणाऱ्यांची नजर आधी माझ्या पायांवर जाऊ लागली. पास्टर अय्या आले, तेही प्रार्थना संपवताना पायांकडे बघून गेले. अत्तैंनी डबा फळीवरून काढून माझ्या खाटेशेजारच्या स्टुलावर आणून ठेवला, मला रोज दिसावा म्हणून. दर रविवारी ओतायचा तो तांदूळ आता साठवत ठेवला, सणाला एकदम न्यायचा म्हणून. जयराजना हे पसंत नव्हते. पण आईपुढे ते तोंडात मूग धरून बसायचे आणि मग माझ्यापाशी येऊन मान हलवायचे. एकदा मी त्यांच्यावर ओरडले, मान माझ्याकडे हलवू नका, तिकडे जाऊन हलवा. ते उठून गेले ते जेवायलाही आले नाहीत. आमच्या घरात इतकी वर्षे कोणी जेवण टाकून गेले नव्हते.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी तळपायावर किल्ली ओढली. थोडे कळते आहे, म्हणाले, आधी काहीच कळत नव्हते. चांगली गोष्ट आहे. मी सणाचे विचारले. त्यांनी माझ्याकडे नीट बघितले आणि म्हणाले, अजून हाड मऊ आहे, आत्ता उभ्या राहिलात तर मणका खचेल, मग मी काही करू शकणार नाही.

हे अत्तैंनी ऐकले. दुपारी आरशात मी बघत होते. त्यांनी तांदूळ मापले, मूठ भरली आणि डब्याकडे यायला वळल्या. मग थांबल्या. मूठ तशीच धरून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. आणि ती मूठ त्यांनी परत मडक्यात सोडली.

त्या जेवणाला देवाची मूठ निघाली नाही. मला काय वाटले ते खरे सांगते. आधी वाटले, बरे झाले. मग एकदम भीती वाटली, इतकी की मी डोळे मिटून घेतले. त्या बाईच्या विश्वासाला मी इतके दिवस चिडवत होते आणि त्याच्याच आधारावर पडून होते. संध्याकाळी त्यांनी दोन मुठी आणून डब्यात टाकल्या आणि प्रार्थनेत नेहमीइतकेच आभार मानले. मी काही पाहिले हे त्यांना कळले नाही.

*

सणाच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी घरात मी एकटी होते. अत्तै बाजारात गेल्या होत्या, निम्मी शाळेत. मला कोणी भरीस घातले नाही. मला फक्त एवढेच कळत होते की त्या बाईला सगळ्या मंडळीपुढे खाली मान घालून उभे राहावे लागणार, आणि मला हे सहन होणार नव्हते. शिवाय मी माझ्या स्वभावाची. अंगठा आता हलत होता.

मी कुशीवर वळले, पाय खाटेखाली सोडले, हातांनी रेटून बसले. खोली फिरली. फिरायची थांबल्यावर मी स्टूल धरून उभी राहिले. खरोखर उभी राहिले. खिडकीतून गल्ली मला सरळ दिसली, आरशाशिवाय. समोरच्या घरची बाई पायरीवर कढीलिंब निवडत होती. मग गुडघे कापडासारखे घडी झाले. मी स्टूल आणि डब्यासकट खाली आले.

पाठीत काहीतरी कडकन वाजले असे मला वाटले. मी तिथेच पडून राहिले. सगळीकडे तांदूळ, केसांत, गळ्याखाली, खाटेखाली. मला अंगठा हलवून बघायचे धाडस होईना.

अत्तै आल्या त्या भाजीची पिशवी तिथेच टाकून जमिनीवर बसल्या. मला उचलायला गेल्या नाहीत, तेवढे त्यांना वॉर्डात कळले होते. माझे डोके हाताने धरून ठेवले आणि समोरच्या बाईला हाक मारून जयराजना फोन करायला बूथवर पाठवले. मी रडत होते. मी म्हटले, अत्तै, तुमची पोरुत्तनै गेली.

"जाऊं दे गे," त्या म्हणाल्या. "तुजे पाय बघून मज रोज भय व्हायचं. तारीख दिली कीं भय थोडं उतरायचं. म्हणून दिली. देवानं मागितली नव्हती."

मी त्यांच्याकडे वर बघितले. इतक्या वर्षांत मी त्यांना भ्यालेले पाहिले नव्हते. पाहिले होते, आरशात, पण त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. मग मी अंगठा हलवला. हलला.

*

एक्स-रेत नवे काही मोडलेले दिसले नाही. डॉक्टरांनी मला जे सुनावले ते इथे लिहीत नाही. छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टरचे जाकीट चढले आणि सगळा मुक्काम आणखी लांबला. तंजावूरची हवा आणि वर प्लास्टर. खाज सुटली की निम्मी विणायची सुई आत घालून खाजवायची. त्या खाजवण्याबद्दल मात्र मी मनापासून आभार मानले, कोणी न सांगता.

सांडलेला तांदूळ केरासकट सुपात भरून ठेवला होता. अत्तैंनी तो टाकला नाही. सूप माझ्या जाकिटावर ठेवले आणि म्हणाल्या, निवड. मी पडल्या पडल्या एकेक खडा, एकेक कुसळ काढत बसले. किती दिवसांनी माझ्या हातांना काम मिळाले होते. दुपार कधी गेली कळले नाही. मी बरी झाले नव्हते, उभी राहणार की नाही हेही कोणी छातीठोक सांगत नव्हते, आणि तरी त्या दुपारी मला आणखी काही नको होते. हे फार टिकले असे नाही. संध्याकाळी मी पुन्हा जयराजवर चिडले. पण ती दुपार खोटी नव्हती.

सणाच्या दिवशी अत्तै एकट्या निघाल्या. रेशमी साडी नेसल्या आणि डबा कमरेवर घेतला. निम्मी बरोबर गेली. मी गल्लीच्या टोकापर्यंत त्यांना आरशात बघितले. नंतर चर्चची घंटा झाली आणि मी घामाघूम झाले. लोक काय म्हणतील ते मला पाठ होते. विश्वास कमी पडला. घरात काही पाप असेल. मूठभर तांदळाने देव थोडाच फसतो.

निम्मी आधी धावत आली आणि तमिळमध्ये धाडधाड सगळे सांगून टाकले. पास्टर अय्यांनी नाव घेतले तेव्हा सगळे मागे वळून दाराकडे बघायला लागले, आई येतेय का म्हणून. आज्जी एकटीच पुढे गेली. पोत्यात डबा ओतला. मग मंडळीकडे तोंड केले.

काय म्हणाली, मी विचारले.

निम्मीने उभी राहून, हात आज्जीसारखे पोटाशी धरून, ती म्हणाली तसे म्हटले. आणि कधी नव्हे ते मराठीत म्हटले, आज्जी माझ्याशी मराठीत बोलते म्हणून असेल. "तारीख मी दिलेली. देवानं हो म्हटलं नव्हतं. सून घरीं पडून आहे. तांदूळ तिनं निवडलें. देव तिच्याशीं खरा राहिला, म्हणून आणलें."

मग, मी विचारले. मागच्या बाकावरून कोणीतरी स्तोत्रम्, म्हणजे देवाची स्तुती असो, म्हटले आणि मग सगळ्यांनी म्हटले.

*

संध्याकाळी अत्तै स्वयंपाकाला लागल्या. मी सवयीने आरशात बघत होते. माप, माप, माप. मूठ भरली आणि त्या वळल्या, आणि आरशातच आमची नजरानजर झाली. त्या थबकल्या. आरशाकडे बघितले, मग मडक्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. इतके महिने मी काय काय बघत आले हे त्यांना तेव्हा समजले. मूठ परत टाकलेली ती दुपारही.

मला वाटले, त्या रागावतील. त्या मडके कडेवर घेऊन माझ्या खाटेपाशी आल्या. हातातली मूठ त्यांनी परत मडक्यात सोडली, मडके माझ्या हाताजवळ धरले आणि स्टुलावरचा रिकामा डबा उचलून माझ्याशेजारी खाटेच्या फळीवर ठेवला.

"तूं घाल," त्या म्हणाल्या.

मी झोपूनच हात आत घातला. तांदूळ गार होते. मला म्हणायचे पुष्कळ होते, पण तोंडातून एवढेच आले, देवा, तू होतास. अत्तैंनी माझी आमेन यायची वाट बघितली, आणि मग आपली म्हटली. मी मूठ उघडली. डबा रिकामा होता, त्यामुळे आवाज फार मोठा झाला.